पोटुशी बाई उगाच पडत नाही

आम्ही राहतो त्या गावाचं नाव किचनर. हो, किचनरच, सगळे हसून झालेत त्यावर. कॅनडात टोरोंटोपासून शंभरेक किलोमीटर, बाजूने ग्रँड नावाची नदी जाते. मागच्या जूनमध्ये सासूबाई कोरेगावहून (सातारा जिल्हा, पुण्यातलं कोरेगाव पार्क नाही) आल्या होत्या, आणि इथे जूनमध्ये पाहुणा आला की त्याला स्ट्रॉबेरी तोडायला शेतावर न्यायचंच असतं, तर आम्हीपण गेलो. ऊन कडक, टोपी घरी राहिलेली, सासूबाई डोक्यावर पदर घेऊन दोन वाफ्यांच्या मधे उकिडव्या बसल्या आणि माझी आठ वर्षांची लेक त्यांना सांगायला लागली की आजी, स्ट्रॉबेरी आकाशातून आलीये माहितीये का, एक बाई वरून पडली, पडताना तिने कडेची मुळं धरायला हात घातला आणि ती तुटून तिच्या मुठीत आली, मग ती तिने खाली लावली.

शाळेत फेब्रुवारीत कुणीतरी येऊन इथल्या मूळच्या लोकांची ही गोष्ट सांगून गेलं होतं. लेकीने ती अर्धी मराठीत अर्धी इंग्लिशमध्ये पूर्ण केली, कासव वगैरे सगळं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पडली कशी पण?"

"आजी, इट्स जस्ट, एक होल होतं, त्यात पडली."

"पोटात बाळ होतं म्हणालीस ना? पोटुशी बाई उगाच पडत नाही गं. कुणीतरी ढकललं असणार. नवरा कुठे होता तिचा?"

मी तेव्हा हसले. रात्री भांडी आवरून झाल्यावर सहज शोधायला बसले आणि दीड वाजेपर्यंत उठलेच नाही, कारण सासूबाई बरोबर होत्या. जुन्या नोंदलेल्या व्हर्जन्समध्ये नवराच ढकलतो. आकाशातल्या त्या जगाचा तो मुखिया, त्याला बायकोच्या पोटातल्या बाळावरून संशय, त्याला एक स्वप्न पडलेलं असतं आणि ते पुरं करायला दारातलं उजेड देणारं झाड मुळासकट उपटायला लावतो, तिथे खड्डा पडतो, तिला म्हणतो ये बस जरा कडेला, बघ खाली काय दिसतंय, आणि ढकलतो. शाळेत आठ वर्षांच्या मुलांना हे सांगत नाहीत, ठीकच आहे. काही व्हर्जन्समध्ये ती स्वतःच वाकून बघताना पडते, काहींत तिलाच त्या झाडाच्या मुळांचे डोहाळे लागलेले असतात. पण कोरेगावच्या सत्तरीच्या बाईला जे वाफ्यात बसून एका वाक्यात कळलं ते मला कळायला दीड वाजला, हे नोंदवून ठेवते.

ही गोष्ट ज्यांची, त्यांना बाहेरचे लोक इरोक्वॉय म्हणतात. ते नाव फ्रेंचांच्या कागदपत्रांतून आलं. ते स्वतःला हौदेनोशोनी म्हणतात, म्हणजे लांब घरात राहणारे लोक, कारण एकेका लांबलचक घरात एका कुळाची बरीच बिऱ्हाडं राहायची. मोहॉक, ओनाइडा, ओनोन्डागा, कयूगा आणि सेनेका असे पाच आणि १७२२ च्या सुमारास टस्करोरा येऊन मिळाले ते सहावे. मूळ गावं आताच्या न्यूयॉर्क राज्यात. आपण लहानपणी सरसकट 'रेड इंडियन' म्हणायचो, पिसं लावलेला, घोड्यावर बसलेला माणूस डोळ्यासमोर यायचा, ते चित्र तसंही या लोकांचं नव्हेच, हे शेती करणारे, मका पिकवणारे, गावांत राहणारे लोक. मला इथे कुणी विचारतं की यू आर इंडियन? तेव्हा मी हो म्हणते आणि दरवेळी मनात येतं की कोलंबसचा तो घोळ अजून निस्तरला नाही बघा.

तर गोष्ट. खाली सगळं पाणीच पाणी, जमीन नाही. पाणपक्षी वर बघतात तर उजेडाचं भोक पडलंय आणि त्यातून काहीतरी येतंय. इथे मला सगळ्यात आवडतं ते हे की लगेच चमत्कार होत नाही, मीटिंग होते! अक्षरशः. ही कोण येतीये, हिला पंख नाहीत, पाण्यात हिचं काय होणार, हिला ठेवायचं कुठे. हंस, बदकं पंखाला पंख लावून तिला वरच्यावर झेलतात. (बऱ्याच ठिकाणी हे काम इथल्या गूज पक्ष्यांचं सांगतात, तेच जे आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये घाण करून ठेवतात आणि माणसाच्या अंगावर फिस्कारत येतात. त्यांच्याबद्दल माझं मत थोडंसं बदललं, थोडंसंच.) पण पक्षी किती वेळ धरून ठेवणार, मग कासव म्हणतं माझ्या पाठीवर ठेवा. आणि मग पाठीवर घालायला माती पाहिजे, ती पाण्याच्या तळाशी. पाणमांजर बुडी मारतं, जमत नाही. बीव्हर जातो, जमत नाही. शेवटी मस्करॅट, म्हणजे उंदरासारखं छोटंसं पाण्यातलं जनावर, कुणी मोजतही नसेल असं, तो जातो आणि कितीतरी वेळाने वर तरंगत येतो तो मेलेलाच, पण मुठीत चिमूटभर चिखल. तो चिखल कासवाच्या पाठीवर थापतात, ती बाई त्यावर गोल गोल चालत राहते आणि जमीन वाढत जाते. आज उत्तर अमेरिकेला कितीतरी लोक टर्टल आयलंड म्हणतात ते हेच, नुसतं कवितेतलं नाव नाही.

हे ऐकलं की आपला मराठी माणूस काय म्हणतो? मीपण म्हटलंच, "अरे हे तर आपलंच! कूर्मावतार! आणि वराहाने पाण्यातून पृथ्वी काढली ते?" देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत कासव असतंच की. सासूबाईंनी लेकीला लगेच वराहाची गोष्ट सांगून टाकली. लेकीचा प्रश्न, "मग वराह मेला का?" नाही गं, तो देव, तो कसा मरेल. "मग ही वेगळी गोष्ट आहे."

खरंच वेगळी आहे आणि मला वाटतं आपली ही जी 'आमच्याकडे आधीपासून आहे' सवय आहे ना, तिच्यामुळे समोरच्याची गोष्ट आपण ऐकतच नाही, ऐकायच्या आधीच घरात आणून खुंटीला टांगतो. पाण्याच्या तळातून माती आणायची कल्पना जगात कितीतरी ठिकाणी आहे, सायबेरियात आहे, इथल्या दुसऱ्या जमातींत आहे, पण प्रत्येकाने ती कशासाठी वापरलीये ते बघायला पाहिजे. वराह पृथ्वीला सोडवून आणतो, ती आधीपासून आहे, कुणीतरी पळवलेली आहे, आणि देव ताकदवान आहे. इथे पृथ्वी नाहीच, देवही नाही त्या प्रसंगात, आहेत ती जनावरं, आणि सगळ्यात बारक्याने जीव दिलाय. आणि तोही कुणासाठी, तर एका अनोळखी बाईसाठी जी अजून काहीच बोललेली नाही. म्हणजे माणूस या गोष्टीत पहिला नाहीच, तो उशिरा आलेला पाहुणा, ज्याच्यासाठी आधीच्यांनी जागा केली. आता जो समाज पिढ्यानपिढ्या पोरांना हे सांगत आला त्याला 'जमीन माझ्या मालकीची' हे वाक्य किती विचित्र वाटलं असेल बघा.

पुढचा भाग शाळेत फार सांगत नाहीत पण खरी मजा तिथेच आहे. त्या बाईला मुलगी होते, मुलगी मोठी होते, तिला दिवस जातात (कुणी म्हणतात पश्चिमेच्या वाऱ्यापासून), जुळे. पोटातच भांडण. एक नीट जन्मतो, दुसऱ्याला दम निघत नाही, तो आईची कूस फाडून बाहेर येतो आणि ती मरते. थोरला म्हणजे कोवळं रोप, त्याचं नाव आकाश धरणारा अशा अर्थाचंपण आहे. धाकटा म्हणजे गारगोटी. आजी विचारते कुणी मारलं माझ्या लेकीला, तर गारगोटी सरळ थोरल्याकडे बोट दाखवतो, आणि आजी मानते! नुसती मानत नाही, थोरल्याला घराबाहेर काढते आणि धाकट्याला मांडीवर घेते. मी हे सासूबाईंना सांगितलं तर त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "असतंच तसं. खोटं बोलणारा जवळ बसतो ना." (माझा नवरा धाकटा आहे. मी काहीही बोलले नाही.)

म्हणजे बघा, जिला सगळे आद्य माता म्हणून पोस्टरवर काढतात ती बाई पुढे चुकीच्या नातवाची बाजू घेणारी, दुःखाने कडवट झालेली म्हातारी आहे. मला हे भयंकर खरं वाटलं.

मग थोरला नद्या करतो, अशा की एका काठाने पाणी खाली जातं आणि दुसऱ्या काठाने वर, म्हणजे होडीवाल्याला दोन्हीकडे आरामात जाता यावं. धाकटा ते बिघडवतो, खडक टाकतो, धबधबे करतो, पाणी एकाच दिशेला. थोरला फळझाडं करतो, धाकटा काटे लावतो. शेवटी सगळ्या सृष्टीवर पैज लागते, वाडग्यात बिया हलवून दान टाकायचं. मोहॉक लोकांच्या सांगण्यात थोरला फाशांच्या जागी चिकडीची, म्हणजे इथल्या चिमणीएवढ्या पाखराची, सहा डोकी वापरतो आणि ती त्याच्या बाजूने पडतात. आपल्याकडे द्यूतात राज्य गेलं, इथे द्यूतात जग वाचलं. आणि तो खेळ अजून खेळतात, पीचच्या सहा बिया, एका बाजूने जाळून काळ्या केलेल्या, हिवाळ्याच्या मध्यातल्या उत्सवात कुळांच्या दोन बाजू समोरासमोर बसून. म्हणजे तो खेळ खेळताना दरवर्षी ती पैज परत लागते.

आता इथे एक भानगड आहे. मिशनरी आले आणि त्यांना हे दोघं भाऊ म्हणजे देव आणि सैतान दिसले. १६३६ साली ब्रेबफ नावाच्या जेसुइट पाद्र्याने वेंडॅट लोकांकडची (भाषेने भाऊबंद, पण या संघात नसलेले) जवळपास हीच कथा लिहून ठेवली, ती वाचताना त्याचं आश्चर्य आणि तुच्छता दोन्ही कळतं. पुढे १८२० च्या दशकात डेव्हिड कुसिक नावाच्या टस्करोरा माणसाने स्वतः इंग्लिशमध्ये ही गोष्ट छापली, म्हणजे आपल्याच माणसाने आपलीच गोष्ट, ही त्या काळात लहान गोष्ट नाही, आणि त्याने भावांना सुबुद्धी आणि दुर्बुद्धी अशा अर्थाची नावं दिली. तेव्हापासून इंग्लिशमध्ये ते चांगला वाईट असंच चाललंय. पण जुन्या सांगण्यात गारगोटी हरल्यावर त्याला नरकात वगैरे टाकत नाहीत. त्याला रात्र मिळते. दिवस एकाचा, रात्र एकाची. काटे, खडक, थंडी, हे सगळं राहतंच. इथला जानेवारी काढलेल्या कुणालाही विचारा, धाकट्याचं राज्य चालू आहे की नाही.

लिहून ठेवणाऱ्यांत सगळ्यात मोठं काम जे. एन. बी. ह्यूइट याचं. आजोळाकडून टस्करोरा, वॉशिंग्टनच्या सरकारी मानववंश खात्यात नोकरी, भाषा येणारा. त्याने १९०३ मध्ये ओनोन्डागा, सेनेका, मोहॉक अशी तीन कथनं मूळ भाषेसकट छापली आणि १९२८ मध्ये जॉन आर्थर गिब्सन यांचं एक लांबलचक कथन. हे गिब्सन आंधळे होते, तरुणपणी लक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) खेळताना दृष्टी गेली, आणि हा एवढा मजकूर त्यांना तोंडपाठ. लक्रॉस तर त्यांच्याकडे निर्मात्याचा खेळ मानतात. आणि यातली बरीचशी कथनं कुठे लिहून घेतली? ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्समध्ये. माझ्या घरापासून गाडीने पाऊण एक तास. बारा वर्षं राहतीये मी इथे.

गोष्टीतल्या मेलेल्या मुलीला पुरतात तेव्हा तिच्या अंगातून मका, घेवडा आणि भोपळा उगवतात. या तीन बहिणी. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं खाली सावली धरतात, तण दबतं, ओल टिकते. आंतरपीक म्हणजे काय ते सासूबाईंना मी सांगायची गरज नव्हती. पण मी त्यांना म्हटलं की आई, तुमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला जीआय टॅग मिळाला, तो राजम्याच्या जातीचा, मूळचा अमेरिकेचाच, मकापण, तांबडा भोपळापण, कोलंबसनंतर आपल्याकडे आले. पाच मिनिटं त्यांना ते पटलंच नाही. "आमच्याकडे माझ्या आजीच्या आधीपासून आहे." मग म्हणाल्या, "म्हणजे त्या लेकीची धाकटी बहीण आमच्याकडे नांदायला आली म्हणायची."

१७७९ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना जॉर्ज वॉशिंग्टनने जनरल सलिव्हनला इरोक्वॉय मुलखात पाठवलं, आणि त्या फौजेने चाळीसेक गावं जाळली, फळबागा तोडल्या, उभा मका कापून आणि पेटवून दिला. इतिहासात हे रसद तोडणं म्हणून वाचतो आपण. पण ज्यांच्यासाठी मका म्हणजे त्या मेलेल्या लेकीचं अंग, त्यांनी ते कसं पाहिलं असेल. वॉशिंग्टनला त्यांच्या भाषेत गावं उद्ध्वस्त करणारा असं नाव आहे.

युद्धात त्यांच्यातले बरेच जण ब्रिटिशांच्या बाजूने लढले, ब्रिटिश हरले, यांची जमीन गेली, म्हणून १७८४ मध्ये हॅल्डिमंड नावाच्या गव्हर्नरने ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन, मुखापासून उगमापर्यंत, कायमची देऊ केली. साधारण साडेनऊ लाख एकर. आज त्यातली ४६ हजार एकरच्या आसपास उरलीये, पाच टक्केही नाही. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांत किचनर आहे, वॉटर्लू आहे, आमचं हप्त्यावरचं घर आहे. लेकीच्या शाळेत सकाळी स्पीकरवर हे रोज वाचून दाखवतात, ही जमीन हॅल्डिमंड ट्रॅक्टवर आहे वगैरे, मी ते गॅदरिंगला कितीदा ऐकलंय, मोबाईल बघत. त्याच नदीच्या काठी ब्रँटफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची निवासी शाळा १९७० पर्यंत चालू होती, घरातून आणलेल्या मुलांना स्वतःची भाषा बोलायची बंदी. म्हणजे ही गोष्ट ज्या शब्दांत सांगायची तेच शब्द काढून घ्यायचे. तरी गोष्ट राहिली, आणि माझ्या मुलीपर्यंत आली.

त्यांच्याकडे कुठलीही सभा, कार्यक्रम सुरू होताना एक आभाराचं म्हणणं असतं, सगळ्याच्या आधीचे शब्द असं त्याला म्हणतात. माणसांपासून सुरू करून पृथ्वी, पाणी, मासे, झाडं, जनावरं, पक्षी, वारा, असं वर वर जात जात शेवटी निर्मात्यापर्यंत, आणि प्रत्येक टप्प्यानंतर 'आता आपली मनं एक झाली' असं. मला एकदम जाणवलं की ती बाई ज्या वाटेने पडली तीच वाट हे उलटी चढतायत. त्यात नाती आहेत. सूर्य मोठा भाऊ, मेघगर्जना म्हणजे आजोबा, आणि चंद्र आजी. काही कथनांत ती पडलेली बाईच शेवटी चंद्र होते. लेकीने हे शाळेतून आल्यावर आजीला सांगितलं आणि दोघींचं त्यावर बराच वेळ चाललं होतं, चांदोमामा की चंद्रआजी. मामा आपल्याकडे लाड करतो, खाऊ देतो. आजीचं तसं नाही, आजी रात्री लक्ष ठेवते, बाळंतपणाचे दिवस मोजते. कासवाच्या पाठीवर मोठे तेरा खवले असतात, वर्षाचे तेरा चंद्र, कडेने बारके अठ्ठावीस, एका चंद्राचे दिवस, असं सांगतात. मी घरी प्लास्टिकच्या कासवावर मोजून बघितले, जमले नाहीत, कंपनीला काय पडलंय.

कूळ आईचं लागतं त्यांच्यात. मुखिया पुरुष असतो पण त्याला नेमतात कुळातल्या थोरल्या बायका, आणि नीट वागला नाही तर तीन वेळा बजावून त्याची शिंगं, म्हणजे पदाची खूण, काढूनही घेतात. सासूबाईंना सगळ्यात जास्त हे आवडलं. दोन दिवस फोनवर कोरेगावात सगळ्यांना सांगत होत्या.

एक गोष्ट मात्र मला अजून खाते. या गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या असतात, जमीन गोठली की. उन्हाळ्यात सांगितल्या तर जनावरं कामं सोडून ऐकत बसतात म्हणे, साप येतात. म्हणूनच शाळेत फेब्रुवारीत आले होते ते. आणि आम्ही तिघी जूनमध्ये भर वाफ्यात सगळं सांगून मोकळ्या. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना ते लगेच समजलं, त्यांच्या तोंडून श्रावण सोडून कधी कहाणी निघायची नाही, चैत्रात सांग म्हटलं तर म्हणायच्या वेळ आहे का ती. नोव्हेंबरात परत जाताना विमानतळावर मला म्हणाल्या, बर्फ पडलं की पोरीकडून परत एकदा नीट ऐकून घे. घेतली. या वेळी नवऱ्याने ढकललं हेपण तिला सांगितलं, तिने जरा विचार केला आणि म्हणाली, आजीला माहिती होतं.

या मे महिन्यात अंगणात तीन बहिणी लावल्या. ढिगारा करून मधे मका, तो वीतभर आल्यावर घेवडा, मग कडेने भोपळा. मका कमरेच्या वर गेला, दाणे भरायला लागले, आणि एका रात्रीत रकून येऊन सगळी कणसं सोलून खाऊन गेले, एक शिल्लक नाही, सालींचा खच. सकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवलं, मला वाटलं हळहळतील.

"खाऊ दे गं. आधीपासून राहतात ना ते तिथे."

घेवडा आडवा पडला. भोपळे मात्र सहा लागलेत, दोन शेजारी दिले.